नांदीतला खोकला

तुकू, २१ जून

आदरणीय काका,

मी छुआन-यी, तुमच्या थोरल्या भावाचा मुलगा. तुम्ही ब्राझीलला गेलात तेव्हा मी आईच्या पोटात होतो, त्यामुळे आपली ओळख नाही. नीट सांगायचं तर माझी तुमच्याशी आहे, तुमची माझ्याशी नाही. मी लहानपणापासून कॅसेटमधल्या तुमच्या आवाजावर बाहुल्या नाचवतो. राजकन्या, चोर, सेनापती, नाक वर करून चालणारा कारकून, सगळे तुमच्याच गळ्यातून बोलतात आणि माझ्या हातांवर चालतात. म्हणून मी तुम्हाला ‘काका’ लिहिलं. तुम्हाला ते आवडणार नसेल तर कळवा, पुढच्या पत्रात बदलेन.

मी आठवीनंतर शाळा सोडली. शब्दकोश शेजारी ठेवून लिहितो आहे, पत्र आधी कच्चं लिहिलं होतं, हे पक्कं आहे. तरी कुठे चूक राहिली असेल तर माझी समजावी, बाबांची नाही. बाबांना या पत्राबद्दल माहीत नाही. पत्ता शुइ-लिएन मावशींनी दिला. तुम्ही दर नववर्षाला देवळाच्या नावानं कार्ड पाठवता, त्याच्या पाठीवरचा. देवळाच्या किल्ल्या अजून त्यांच्याकडेच असतात.

कारण असं आहे. या महिन्याच्या संततधार पावसात आमच्या रंगमंचाच्या ट्रकचं छत गळलं आणि नांदीची कॅसेट भिजली. बाकीची सगळी नाटकं मी कधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतली आहेत, पण नांदीला बाबांनी हात लावू दिला नव्हता. “देवासमोर नकलेची नक्कल वाजवायची नाही,” असं ते म्हणायचे. तेव्हा त्यांना बोलता येत होतं. सुपारीनं त्यांचं तोंड गेलं, काका. दोन वर्षांपूर्वी अर्धी जीभ काढली. आता ते हातानं बोलतात. बाहुली घालायची तशीच बोटं धरतात, फक्त बाहुली नसते. तर्जनी म्हणजे डोकं. ते पुढे वाकलं की हो, आडवं हललं की नाही. बहुतेक वेळा आडवंच हलतं.

कॅसेट मी उन्हात वाळवली, मग पंख्याखाली वाळवली. आता त्यातून फक्त पाण्याखाली कुणी कुरकुरल्यासारखं ऐकू येतं.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला आपल्या भूमीदेवाचा उत्सव आहे. या वेळी देवळाच्या पंचांनी सांगून ठेवलं आहे की खेळ संपल्यावर कौल लावायचा. पुढच्या वर्षीपासून देवासमोर आमच्या बाहुल्या, की गाणाऱ्या मुलींचा ट्रक, हे देवच ठरवेल. आपल्याला कायमचं बोलावणारं हे एकच देऊळ उरलं आहे. फू, लू आणि शौ हे तीन देव येऊन आशीर्वाद देऊन गेल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार!

तर विनंती अशी की तेवढी नांदी म्हणून पाठवावी. मोबाइलवर म्हटली तरी चालेल. मागे पंखा असेल तर कृपया बंद करावा. आणि अजून एक, मागताना संकोच वाटतो. तिसरा देव, शौ, बोलायला तोंड उघडतो त्याच्या आधी तुम्ही खोकला होतात. तो खोकला चुकून आला होता हे मला माहीत आहे. पण गावाला वाटतं की शौ देव म्हातारा आहे म्हणून खोकतो. मी त्या खोकल्यावर त्याची पांढरी दाढी हलवतो. आता खोकल्याशिवाय माझा हातच उचलत नाही. शक्य झालं तर तिथे तसंच खोकावं.

तुमचा पुतण्या,
लिआओ छुआन-यी


तुकू, १९ जुलै

आदरणीय काका,

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो हे मी पोस्टात विचारून घेतलं आहे. तरी पहिलं पत्र हरवलं असेल असं धरून विनंती पुन्हा लिहितो: फक्त नांदी.

सध्या दुसऱ्या गावांमध्ये आम्ही बाजारातून आणलेली नांदी वाजवतो. त्यातला शौ देव बातम्या वाचल्यासारखा बोलतो. कुणी तक्रार करत नाही, कारण समोर कुणी नसतंच. काल समुद्राकडच्या एका गावात खेळ होता. समोर देऊळ, मधे रिकाम्या खुर्च्यांची रांग, एक कुत्रा. राजकन्या रडायला लागली तेव्हा एक आजी आल्या. मला वाटलं, बसतील. त्या म्हणाल्या, “ए बाबा, हे निळं स्टूल माझं आहे, नेते हं,” आणि घेऊन गेल्या. राजकन्या रडत राहिली. बाबा नेहमी सांगायचे की खेळ माणसांसाठी नसतो, देव बघत असतो. मला ते पटतं. पण देव हसला तर ऐकू येत नाही.

गावाचं जेवण आलं होतं, तांदळाच्या शेवया आणि शिंपल्यांचं सार. बाबांना चावता येत नाही. मी ट्रकच्या मागे गॅसवर त्यांच्यासाठी रताळं घालून पेज केली, ती गाळून दिली. ते पाठ करून जेवतात. मी दुसऱ्या बाजूला बसून जेवलो. पूर्ण दिवसात मी कुणाशी बोललो नाही. म्हणजे बोललो, दोन्ही हातांनी, पण सगळं तुमच्या आवाजात.

एकदा मी स्वतः नांदी म्हणून पाहिली. पाठ तर आहेच. ट्रक एका शेवग्याखाली उभा होता, आजूबाजूला शेंगदाण्याची शेतं, माणूस नाही. फू देवाच्या दुसऱ्या वाक्याला मी अडकलो. माझा आवाज बारीक आहे आणि चारचौघांत तो अजून बारीक होतो. मागे वळून बघतो तर बाबा उभे. त्यांच्या तर्जनीनं मान आडवी हलवली आणि ते निघून गेले.

म्हणून पुन्हा विनंती. रागावला असाल तर तसं कळवलंत तरी चालेल. काहीतरी कळवा.

छुआन-यी


तुकू, १८ ऑगस्ट

आदरणीय काका,

आज सातव्या महिन्याची पौर्णिमा. मावशींच्या दारात भटक्या भावांची पानं मांडली होती, तिथेच आमचा खेळ होता. तुमच्याकडे हे करतात की नाही मला माहीत नाही. इथे अजून त्यांना भूत म्हणायची कुणाची हिंमत नाही, भाऊच म्हणतात.

एक प्रवासी मुलगी आली होती. तिचं नाव, ती कुठून आली आणि तिच्या वडिलांचं नाव मी लिहिणार नाही, कारण तिनं माझ्याकडून वचन घेतलं आहे. ती पाठीवर पिशवी घेऊन तायवान बघत फिरते आहे. एवढंच.

घामाघूम होऊन आली आणि टेबलाखाली ठेवलेल्या तसराळ्यात तिनं हात, तोंड, मान सगळं धुतलं आणि शेजारच्या नव्याकोऱ्या टॉवेलला पुसलं. मावशी किंचाळल्या.

“अगं अगं अगं! ते पाणी तुझं नाही!”

“मग कुणाचं आहे?”

“ज्यांना घर नाही त्यांचं! वर्षातून एक महिना सुटून येतात बिचारे, तोंड धुऊन जेवायला बसतात. आणि तू त्यांच्या आधी टॉवेल भिजवून मोकळी!”

मुलगी पांढरीफटक पडली. “आता काय होणार हो?”

“होणार काय! लांबून आलीस, भुकेली दिसतेस, घाण तर आहेसच. त्यांच्यातलीच तू. उदबत्ती विझू दे, मग बस पानावर.”

सगळे हसले. तीही हसली, पण टॉवेल हातातून सोडेना. तिची बोली ऐकून तर मावशी दोनदा जवळ आल्या. चिनी तिला धड येत नाही, पण आपली बोली ती माझ्या आजीसारखी बोलते, आजीच्याच जुन्या शब्दांत. आता असं कुणी बोलत नाही.

मग तिनं स्टूल उचललं आणि नेमकं देव्हारा आणि रंगमंच यांच्या मधोमध ठेवलं. “ए पोरी, देवाच्या नजरेतून बाजूला हो,” मावशी म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, “जाऊ दे, बस. त्यालाही दरवर्षी एकट्यानं बघून कंटाळा आला असेल.”

चोर आणि राजकन्येचं भांडण लावलं होतं. राजकन्या ‘माझ्या बापाच्या बागेतला पेरू तू खाल्लासच कसा’ म्हणते ना, तिथे मी जाळीतून बघितलं. ती उभी होती. मला वाटलं, आवडलं नाही. खेळ संपल्यावर ती मागे आली.

“बोलतंय कोण?”

“राजकन्या की चोर?”

“दोघंही.”

मी सांगितलं. ती ट्रकच्या पायरीवर बसली. मग तिनं जे सांगितलं ते मी लिहिणार नाही.

छुआन-यी


तुकू, १ सप्टेंबर

आदरणीय काका,

तुम्ही ओळखलंच असेल. तुमच्या शिन-मेइनं मला वचनातून मोकळं केलं आहे. तुम्हाला ती जपानमध्ये आहे असं वाटतं, त्याबद्दल ती स्वतः बोलेल. मी फक्त एवढं लिहितो की ती बरी आहे, जेवते आहे आणि आमच्या ट्रकमध्ये बाबांच्या आणि माझ्या मधे बसून गावोगाव येते आहे.

ती म्हणाली की माझं पहिलं पत्र तुम्ही उघडलंत, वाचलंत आणि घडी घालून फ्रिजवर ठेवलंत. दुसरं तसंच बंद ठेवलंत. ते तिनं उघडलं. काका, ती म्हणाली की तुम्ही बाजारात दिवसभर वडे तळता आणि ओरडावं लागू नये म्हणून पाटी लावली आहे. घरी तुम्ही ‘जेव’, ‘दार लाव’ आणि ‘झोप आता’, एवढंच बोलता. राजकन्येचा आवाज ऐकेपर्यंत तुम्हाला इतकं बोलता येतं हे तिला माहीत नव्हतं. आता रोज ट्रकमध्ये मला विचारते, “दादा, चोर लाव ना.” आणि कारकुनाच्या प्रत्येक टोमण्याला हसते. हसून झालं की खिडकीबाहेर बघत राहते.

तुम्हाला काळजी नको म्हणून लिहितो: बदकाचं दाट सार तिला आवडलं. पैकांगला शेंगदाण्याची चिक्की किसून, त्यात आइस्क्रीम आणि कोथिंबीर घालून पोळीत गुंडाळून देतात, ते ओठांवर चुरा सांडत दोनदा खाल्लं. कुजवलेलं टोफू मात्र तोंडात घेऊन ती इतकी गप्प बसली की दुकानदार म्हणाला, “थुंक गं, नाहीतर रडशील.” तिनं गिळलं. बाबांनी तिचा चेहरा बघितला आणि खांदे हलवले. मी बाबांना हसताना ऑपरेशननंतर पहिल्यांदा बघितलं.

ती कोण हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या कानांकडे बघितलं होतं. आपल्या घरातले कान सगळ्यांचे असेच असतात. त्यांनी काही विचारलं नाही. पण ट्रकमधली त्यांची उशी आता तिच्या जागेवर असते.

आता मुद्द्याचं. काल मावशी देवळात पपनस सोलत बसल्या होत्या. शिन-मेइनं सरळ विचारलं, “मावशी, माझे बाबा इथून का गेले?”

मावशी सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याला जायचंच होतं. थोरल्या भावानं अडवलं नाही. म्हणाला, जा, पण आधी सगळे आवाज भरून दे. आठवडाभर बसवलं त्याला त्या यंत्रासमोर. ताप होता पोराला, खोकत होता. शेवटी नांदी भरली. आणि उठून म्हणाला, दादा, तुला मी नकोच आहे, तुला माझा गळा हवाय. घे, ठेवून घे. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं नाही.”

मी तिथेच उभा होतो. काका, मी तुम्हाला तेच लिहिलं. दोन वेळा लिहिलं, शब्दकोश घेऊन, पंखा बंद करा म्हणून. वर खोकासुद्धा म्हणालो. मला माहीत नव्हतं.

दोन्ही पत्रांतली विनंती मी मागे घेतो. नांदी पाठवू नका. पाठवलीत तरी मी वाजवणार नाही.

पौर्णिमेला काय करायचं ते मला माहीत नाही. बाजारची नांदी आपल्या देवासमोर वाजवायला मावशी देत नाहीत. “तो बहिरा नाही,” म्हणतात.

छुआन-यी


तुकू, १८ सप्टेंबर

आदरणीय काका,

कालचं सगळं क्रमानं लिहितो. शिन-मेइ उद्या निघते आहे, पण हे पत्र तिच्याकडे न देता टपालानंच पाठवतो. तिनं सांगितलेलं वेगळं आणि मी लिहिलेलं वेगळं, दोन्ही तुम्हाला मिळावं.

सकाळी आम्ही तिघं शेताच्या बांधावर भूमीदेवाच्या काठ्या रोवायला गेलो. बांबू चिरून त्यात सोनेरी कागद मी खोचत होतो. शिन-मेइ विचारत होती, “देव खरंच एवढ्या शेतांत हिंडतो?” मी म्हणालो, “म्हातारा आहे, दर बांधावर काठी लागते त्याला.” बाबांनी तिच्या हातातून काठी घेतली, दाबून सरळ केली आणि परत तिच्या हातात दिली. तिला कळलं नाही की कागद सूर्याकडे असावा लागतो. बाबांनी तिचं मनगट धरून फिरवलं. मग मनगट लगेच सोडलं नाही.

दुपारी ट्रकचा पडदा उघडला. पंच पुढच्या रांगेत बसले होते. प्रमुख कुओ साहेब मोबाइलवर गाणाऱ्या मुलींच्या ट्रकची छायाचित्रं दाखवत होते. मावशी देव्हाऱ्याच्या पायरीवर आणि त्यांच्या शेजारी शिन-मेइ. शेजारच्या गल्लीत माणसं आतापासूनच मांस भाजायला लागली होती, सगळीकडे धूर होता.

मी मायक्रोफोन चालू केला. कुणालाच काही सांगितलं नव्हतं. फू आणि लू बाबांच्या हातांवर होते आणि शौ माझ्या. बाबांनी मायक्रोफोनकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यांचे दोन्ही हात अडकलेले होते, त्यामुळे ते नाही म्हणू शकले नाहीत.

मी सुरुवात केली. माझा आवाज कसा होता ते लिहीत नाही. फू देवाच्या वेळी बाहेरून कुणीतरी म्हणालं, “मांजर अडकलंय का यंत्रात?” आणि हसू आलं. मावशी ओरडल्या, “कुओ, तुझ्या तोंडात मांस घाल आणि गप्प बस!” मी पुढे म्हणत गेलो. बाबांचे हात माझ्या बारीक आवाजाच्या मागून मागून येत होते. त्यांनी लू देवाला नेहमीपेक्षा हळू चालवलं. मला दम घेता यावा म्हणून, असं मला नंतर कळलं.

मग शौ देवाची पाळी आली आणि मी थांबलो.

मला शब्द येत होते. पण हात उचलेना. तिथे तुमचा खोकला हवा होता, आणि मी तो काढणार नव्हतो. मावशींनी सांगितल्यापासून मला त्या जागी खोकायची लाज वाटत होती. मी शौ देवाला वर धरून तसाच उभा राहिलो. बाहेर मांस चुरचुरत होतं. कुणीतरी खुर्ची सरकवली. घाम माझ्या डोळ्यांत गेला आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तेव्हा बाबा खोकले.

काका, मी त्यांच्याजवळच वाढलो. त्यांचा खोकला मला माहीत आहे, तो कोरडा आणि अर्धवट असतो. हा तो नव्हता. आधी एक छोटा, मग मोठा ओढून धरलेला, मग आवंढा, आणि शेवटी नाकातून सोडलेला श्वास. कॅसेटवर होता तसाच, अगदी त्या आवंढ्यासकट. ज्या माणसानं माझ्यासमोर तुमचं नावही कधी घेतलं नाही, त्यानं तो असा काढला की माझा हात आपोआप वर गेला आणि दाढी हलली.

बाहेर म्हातारी माणसं नेहमीसारखी हसली. “आला, आला खोकला!” असं कुणीतरी म्हणालं. माझी बाकीची नांदी बरी झाली. निदान शेवटपर्यंत झाली.

मी बाबांकडे बघितलं तेव्हा त्यांनी पाठ केली होती. ते फू आणि लू यांच्या टोप्या सारख्या करत बसले होते. टोप्या आधीच सरळ होत्या.

खेळानंतर कुओ साहेबांनी कौल लावला. कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर पडल्या, दोन्ही सपाट बाजू वर करून. म्हणजे देव हसला. परत टाकल्या, परत हसला. तिसऱ्यांदाही तेच. हो नाही आणि नाहीही नाही. कुओ साहेब वैतागले. “हा काय कौल झाला? पंचांना काय सांगू मी?”

“सांग की देवाला मजा आली,” मावशी म्हणाल्या. “एवढी वर्षं नांदी ऐकली त्यानं, पण हसला कधी होता का? पुढच्या वर्षी पुन्हा विचार. तोवर खेळ बघायला पोरं येतील.”

तेव्हा पुढच्या वर्षी आम्ही आहोत. त्यापुढचं माहीत नाही.

रात्री शिन-मेइ म्हणाली, “मी बाबांना काय सांगू?” मी विचार करून कळवतो म्हणालो, आणि आता तेच करतो आहे.

नववर्षानंतर दुसऱ्या महिन्यात भूमीदेवाचा वाढदिवस असतो. तुम्ही या. आवाज आणू नका. नांदी मी म्हणतो, बारीक आवाजात का होईना. तुम्ही बोलला नाहीत तरी कुणी काही म्हणणार नाही, आमच्या घरात तशीही बोलायची सवय नाही. देवाच्या नजरेत एक स्टूल ठेवतो. नुसते बसा.

खोकल्याची काळजी करू नका. तो बाबांकडे आहे.

तुमचा,
छुआन-यी